सॉकेट बदललं तर गाणं गोड लागतं का?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना दोन-तीन ठिकाणी अडखळले होते, ते इथं नीट केलंय. बाकी सगळं तेच.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. नांदेडच्या वजिराबादेतून मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला. सेकंडहँड, लोखंडी बॉडीचा, उचलताना कंबर धरावी असा. हदगावच्या घरी आणून बैठकीतल्या बोर्डात पिन खुपसली, गाणं लावलं आणि गाण्याच्या आधीच ऐकू आलं ते ‘हूंऽऽ’. मधूनच ‘कर्र’. आणि बॉडीला उघड्या पायाने हात लावला की बोटांना झिणझिण्या.

पुण्यातल्या एका मित्राला व्हॉइस नोट पाठवली. त्याला ऑडिओचं वेड आहे. त्याने लगेच लिंक पाठवली : परदेशी बनावटीचं भिंतीतलं सॉकेट, सोन्याचा मुलामा, किंमत चौदा हजारांच्या घरात. ‘हे बसव, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटेल.’ आता चौदा हजार म्हणजे माझ्यासाठी थट्टा नाही. तरी खरं सांगते, मी कार्टमध्ये टाकलं होतं.

मग डोक्यात आलं, हे वेड आलं कुठून? भिंतीतल्या सॉकेटचा आणि गाण्याचा संबंध लोकांनी कधी जोडला? शोधत गेले आणि पोचले थेट आमच्या आजोबांच्या रेडिओपर्यंत.

थोडं मागे जाऊ. हदगाव निजामाच्या राज्यात. पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे वऱ्हाड, तिकडे इंग्रजांचा कारभार. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली, ती बातमी हैदराबादच्या डेक्कन रेडिओवरून सांगितली गेली. पण ती ऐकली किती जणांनी? गावोगावी लाईट नव्हती. (मराठवाड्यात विजेला लाईटच म्हणतात. फ्रीजला लाईट नाही, मोटारीला लाईट नाही.) ज्या थोड्यांकडे रेडिओ होता त्यांचा बहुतेक बॅटरीवरचा. नव्वद व्होल्टचा जड ठोकळा आणि सोबत दीड व्होल्टची बॅटरी, ती संपली की रेडिओ म्हणजे नुसतं लाकडी खोकं. त्या रेडिओला भिंतीत पिन खुपसायचा प्रश्नच नव्हता.

पिन आली लाईटसोबत. आमच्या घरी ती साठच्या दशकाच्या शेवटी आली असं आजी सांगते. १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. त्यानंतर खांब हळूहळू गावांकडे सरकले.

आणि पिन कशी होती? गोल. हे मला फार मजेशीर वाटलं. आपली गोल तीन पिनची पद्धत इंग्रजांची, तिथे १९३४ साली प्रमाणित झालेली. १९४७ ला इंग्रजांनी स्वतः ती सोडून चपट्या पिनांचं प्रमाण आणलं. आपण मात्र गोल पिनच धरून बसलो. १९५८ ला भारतीय मानक निघालं, ते त्याच घराण्यातलं. पाच अँपिअरची छोटी, पंधराची मोठी. आता त्यांना सहा आणि सोळा म्हणतात. मोठीला अजून घरोघरी ‘पॉवर प्लग’ म्हणतात.

या पिनांमध्ये वरची एक जाड आणि लांब असते. कधी निरखून बघितलंय? ती लांब एवढ्याचसाठी, की आत जाताना तिने सगळ्यात आधी टेकावं आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावं. ती अर्थची पिन. बाकी दोघी काम करतात, ही फक्त पहारा देते.

आता आजोबांचा रेडिओ. व्हॉल्व्हचा, लावल्यावर गरम होऊन बोलायला लागणारा. आजी सांगते, घरावर तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली होती, ती एरियल. रेडिओच्या पाठीमागे दोन खुणा : एक एरियलची, दुसरी अर्थची. अर्थची वायर खिडकीतून खाली अंगणात जायची, तिथे जमिनीत सळई पुरलेली. उन्हाळ्यात सिलोन नीट लागेना, खरखर वाढली की आजोबा तांब्याभर पाणी नेऊन त्या सळईवर ओतायचे. घरातल्यांना वाटायचं, म्हातारा तुळस सोडून लोखंडाला पाणी घालतो!

पण म्हातारा बरोबर होता. आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही आणि सळईपासून सुटतेही. पाणी घातलं की संपर्क परत जुळतो. त्या काळच्या रेडिओला चांगला अर्थ मिळाला की स्टेशन स्वच्छ लागायचं, घरघर कमी व्हायची. बुधवारची बिनाका गीतमाला, १९५२ पासून सिलोनवर, अमीन सयानींच्या आवाजात. ती हदगावात किती स्वच्छ ऐकू येणार, यात आमच्या अंगणातल्या मातीचाही थोडा हात होता.

याहून गंमत पुढे आहे. देशातल्या काही शहरांत तेव्हा डीसी लाईन होती, कोलकात्यात तर कितीतरी वर्षं. म्हणून एसी-डीसी दोन्हीवर चालणारे रेडिओ विकले जायचे. त्यांत ट्रान्सफॉर्मरच नसायचा. आतला लोखंडी सांगाडा थेट लाईनच्या एका वायरला जोडलेला. दोन पिनचा प्लग उलटा बसला तर सांगाड्यात सरळ फेज! बटणाच्या स्क्रूवर मेण भरलेलं असायचं, ते बोट स्क्रूला लागून माणूस चिकटू नये म्हणून. आणि बऱ्याचदा प्लग काढून उलटा लावला की घरघर बदलायची, कमी व्हायची.

म्हणजे बघा, भिंतीतल्या पिनेने आवाज बदलतो, ही अंधश्रद्धा म्हणून जन्मलेली गोष्ट नाही. एके काळी ते खरंच होतं. लोकांनी ते कानाने ऐकलं होतं. यंत्र बदललं, समज तशीच राहिली.

नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये भिंतीतून आलेली वीज आधी ट्रान्सफॉर्मरमधून जाते, मग तिचं डीसी होतं, मग मोठाले कपॅसिटर तिला गुळगुळीत करतात. गाणं त्यावर चालतं. मित्राचं म्हणणं, ‘शेवटचा फूटभर तांबं चांगलं हवं.’ पण त्या फुटाच्या आधी कित्येक किलोमीटर अ‍ॅल्युमिनियमची तार आहे, डीपी आहे, खांबावरचा गंजलेला जोड आहे, आणि गल्लीत कुणी आकडा टाकला असेल तर तोही आहे.

तरी सॉकेटने काहीच फरक पडत नाही, असंही नाही. हिशोब करून बघा. सॉकेटची पकड सैल झाली आणि तिथे अर्धा ओहम अडथळा आला असं धरू. माझा अ‍ॅम्प्लिफायर दीडशे वॅट ओढतो म्हणजे पाऊण अँपिअरच्या आत. अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. पण त्याच सॉकेटवर दोन हजार वॅटचा गिझर लावला तर साधारण पावणेनऊ अँपिअर, आणि त्या एका ठिकाणी ३८ वॅटची उष्णता. प्लास्टिक वितळतं. तुमच्या घरात काळवंडलेलं सॉकेट असेल तर ते असंच काळं झालेलं आहे. आणि सैल पकडीत बारीक ठिणग्या उडत असतील तर स्पीकरमधून ऐकू येतं ते ‘कर्र’.

व्होल्टेजचं तर विचारू नका. १९५६ च्या नियमांत लिहिलं होतं, ठरलेल्या व्होल्टेजच्या सहा टक्के वर-खाली चालेल. २४० धरलं तर साधारण २२६ ते २५४. माझ्या लहानपणी रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब लाल व्हायचा, स्टॅबिलायझर टक् टक् करत राहायचा. तेही लाईट असली तर. दिवसाचे कितीतरी तास लोडशेडिंग. कुठला ग्रुप, किती तास, हे पाठ असायचं. ‘लाईट आली!’ म्हणून सगळी गल्ली एकदम ओरडायची, तो आवाज आताच्या पोरांना माहीत नाही. त्या दिवसांत सॉकेटला सोन्याचा मुलामा देऊन काय ऐकणार होतो?

मग ही महाग सॉकेटं आली कुठून? मूळ सापडतं अमेरिकेतल्या दवाखान्यांत. तिथे ‘हॉस्पिटल ग्रेड’ नावाची सॉकेटं असतात, वर हिरवा ठिपका. त्यांची परीक्षा कडक असते : पिन किती घट्ट धरतं, ओढाताण झाली तरी अर्थ टिकतो का. पेशंटला जोडलेलं मशीन चुकून निसटू नये, झटका बसू नये, एवढाच हेतू. गाण्याच्या वेडाने झपाटलेल्यांनी ती उचलली, घरी बसवली. मग कंपन्यांनी त्यावर सोनं, रोडियम चढवलं, काहींनी तर अतिथंडीत गोठवून विकली. जपानात वेड आणखी पुढे. २०१६ साली वॉल स्ट्रीट जर्नलने टोकियोतल्या ८२ वर्षांच्या एका वकिलाची बातमी छापली होती, त्यांनी गाण्यासाठी अंगणात स्वतःचा विजेचा खांब रोवून घेतला! हसू येतं, पण जपानच्या घरांत १०० व्होल्ट असतात आणि बऱ्याच सॉकेटांना अर्थचं तिसरं छिद्रच नसतं, हेही लक्षात घ्या.

आणि कानाची परीक्षा? २००४ मध्ये अमेरिकेत महागड्या पॉवर केबलींची झाली होती. सॉकेटांची नाही, पण भावकी तीच. कोणती केबल लावलीय हे न सांगता ऐकवलं. दीडशेच्या आसपास वेळा विचारलं, बरोबर उत्तरं जेमतेम निम्मी. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

आता आमच्या बैठकीत परत या. ऑर्डर करण्याआधी मी गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. ते आधी लिंक बघून हसले. मग म्हणाले, “ताई, ही पिन बघितली का? चपटी हाय. तुमच्या मशीनची गोल. मधात अ‍ॅडॉप्टर लावणार का?” म्हणजे चौदा हजारांचं सॉकेट, आणि त्यात साठ रुपयांचा अ‍ॅडॉप्टर! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मेन बंद करून त्यांनी बोर्ड उघडला. आमचं सॉकेट सगळ्या देशांच्या पिना सामावून घेणारं, म्हणजे कुणालाच नीट न धरणारं. आतली पत्री फाकलेली. आणि तिसऱ्या छिद्रामागे काहीच नाही. हिरवी वायर आत गुंडाळून ठेवलेली, टोक मोकळं. कधीकाळी रंगकाम झालं तेव्हा सुटली असेल, कुणी परत जोडलीच नाही. “अर्थिंग नाही ताई. कुठंच नाही,” काका म्हणाले. स्वयंपाकघरातला बोर्ड उघडला, तिथेही तेच. त्या बोर्डावर फ्रीज. आई ओल्या हाताने तो दिवसातून पन्नास वेळा उघडते. ‘कधी कधी मुंग्या आल्यासारखं होतं’ असं ती मागे म्हणाली होती आणि मी थायरॉइडची तपासणी कर म्हणून सांगितलं होतं.

तेव्हा मात्र घशाला कोरड पडली.

कार्ट रिकामी केली. अंगणाच्या कोपऱ्यात, आजोबांची सळई होती तिथंच जवळ, नवा खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, वर पाणी घालायला पाइप. घरभर हिरवी वायर फिरवली. सॉकेट बदललं, तेही साधं, सहा अँपिअरचं, बाजारात शे-दीडशेला मिळणारं, फक्त पत्री जाड आणि पकड घट्ट. मेनजवळ एक आरसीसीबी बसवला. जाणारी आणि परत येणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो लाईन तोडतो. म्हणजे वीज माणसातून जमिनीत जायला लागली तरी. सगळं मिळून चौदा हजारांच्या आतच बसलं.

अ‍ॅम्प्लिफायर लावला. ‘हूं’ जवळजवळ गेलं, अगदी स्पीकरला कान लावला तर उरलंसुरलं. ‘कर्र’ नाही. झिणझिण्या नाहीत. मित्राला सांगितलं तर म्हणतो, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं सॉकेटने फरक पडतो?’ काय बोलणार! तो अर्धा बरोबर आहे, आणि तोच अर्धा त्रासदायक आहे.

त्याच्या समाधानासाठी एक खेळही केला. त्याने त्याच्याकडचं महागडं सॉकेट गोल पिनेच्या शेपटासकट कुरियरने पाठवलं. मी बैठकीबाहेर, लहान भाऊ आत. कधी साधं, कधी महाग, त्याच्या मनाप्रमाणे लावायचं, मग मी डोळे मिटून ऐकायचं. दहा वेळा. सहा बरोबर आली. भाऊ म्हणाला, त्यातली दोन त्याच्या हसण्यावरून ओळखली. सॉकेट दुसऱ्या दिवशी परत पाठवलं.

या एप्रिलमध्ये खड्ड्यात पाणी ओतत होते, तर आजी ओट्यावरून बघत होती. “तुझा आजा बी असंच करायचा,” म्हणाली. काकांनी सांगितलंय, महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघायचं. मी आत जाऊन दाबलं. खट्. पंखा थांबला, फ्रीज थांबला, गाणं थांबलं.

बाहेरून आजी ओरडली, “गेली का गं पुन्हा?”