बाहुल्यांच्या टेंबाकडे जाण्याआधी

मागे आपण गावच्या वेशीवरच्या वीरगळांबद्दल बोललो होतो. आज त्याहून फार फार जुन्या दगडांबद्दल बोलायचं आहे. निमित्त असं, की पुण्यात प्राचीन शैलचित्रांवर एक विभागीय परिषद भरवायचं घाटतंय. दोन दिवस पुण्यात भाषणं आणि मग दोन दिवस राजापूर-रत्नागिरीकडे प्रत्यक्ष चित्रं बघायला जायचं. आखणीच्या बैठकीला आम्हा रेडिओवाल्या बायकांनाही बोलावणं आलं. कशासाठी? तर जेवणाची सोय सांगायला! आम्ही गेलो, जेवणाचं सांगितलं आणि आणखी चार गोष्टी बोलून आलो.

आधी हे पुण्यातच का, ते सांगतो. आदिमानवाच्या खुणा शोधणाऱ्या माणसांची एक मोठी शाळाच पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये उभी राहिली. ह. धी. सांकलिया १९३९ साली तिथे आले आणि त्यांच्या हाताखाली कितीतरी जण शिकले. मध्य प्रदेशातलं भीमबेटका तुम्ही ऐकलं असेल. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली तिथली चित्रं जगापुढे आणली. पुढे १९७०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी तिथल्या एका गुहेत उत्खनन केलं, आणि यशोधर मठपाल नावाच्या चित्रकाराने त्या भिंतींवरची चित्रं एकेक करून हाताने कागदावर उतरवली. त्या चित्रांत शिकार आहे, नाच आहे, आणि रानातून फळं-कंद गोळा करणाऱ्या बायाही आहेत. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरलं.

आपल्या कोकणातली चित्रं मात्र भिंतीवर नाहीत, ती पायाखाली आहेत. जांभ्याचा उघडा सपाट सडा असतो ना, त्यावर कोरलेली. म्हणून त्यांना कातळशिल्पं म्हणतात. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे दोन वर्ग जोडले तरी तो शेपटासकट मावायचा नाही! त्याच्या पोटात पुन्हा दुसरे प्राणी कोरलेले. बारसूला एक माणूस आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी ही आणखी काही ठिकाणं. सिंधुदुर्गात कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं फणसायमळ. अशी नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. संभाव्य यादी म्हणजे उमेदवारी अर्ज, निवड नव्हे. कागदोपत्री या दोन गोष्टींची फार गल्लत होते.

ही चित्रं किती जुनी? दहा हजार वर्षं किंवा त्याहून जास्त, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दगडावर तारीख नसते. पण प्राणी आहेत, मासे आहेत, माणसं आहेत आणि शेती मात्र कुठे दिसत नाही. त्यावरून नांगर येण्याआधीच्या माणसांचं हे काम असावं, असं मानतात.

आता 'शोध' या शब्दाबद्दल. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवले, त्यातून शेकडो चित्रं नोंदली गेली. हे श्रम मोठेच आहेत. पण ती चित्रं त्यांना सापडली ती गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत विचारत. कुडोपीच्या त्या जागेला गावात 'बाहुल्यांचं टेंब' म्हणतात. नावच सांगतं, की लोकांना तिथे बाहुल्या दिसत होत्या. गवत आणायला, गुरं वळायला बायका रोज त्यावरून गेल्या आहेत. म्हणून आम्ही बैठकीत म्हटलं, परिषदेतलं एक सत्र गावातल्या माणसांचं ठेवा. त्यांनी बोलायचं आणि पाहुण्यांनी ऐकायचं. यावर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग एक प्राध्यापक म्हणाले, 'भाषांतराची सोय करावी लागेल.' करा की!

पुढचा मुद्दा मोसमाचा. कागदावर एप्रिलचा शेवटचा आठवडा लिहिला होता. त्या दिवसांत कोकणातली बाई आंब्याच्या कामातून मान वर काढत नाही आणि दुपारी सडा तव्यासारखा तापतो. शिमग्यात घरं पाहुण्यांनी भरलेली. पावसाळ्यात पाणी आणि मागाहून गवत. डिसेंबर-जानेवारी बरा. तोही सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, कारण ऊन तिरकं पडलं की खोदलेल्या रेषेत सावली धरते आणि चित्र उठून दिसतं. भर बारा वाजता तोच हत्ती शोधूनही सापडत नाही.

इथे आमचीच एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही काहीजणी एका सड्यावर गेलो होतो. फोटोत रेषा उमटेनात, म्हणून आमच्यातल्या एकीने पर्समधला खडू काढून एक मासा पांढरा केला. आम्ही सगळ्या बघत होतो, एकीनेही तिचा हात धरला नाही. जांभा सच्छिद्र, खडू आत जाऊन बसतो. घासून काढावा तर दगडच झिजतो. एवढी वर्षं पाऊस सोसलेल्या रेषेला आम्ही पाच मिनिटांत डाग लावला. बैठकीत हे सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं. त्यानंतर ठरलं, की एका वेळी पंचवीसच माणसं, चपला-बूट काठाला, बस सड्यावर चढवायची नाही आणि पर्स गाडीत.

सड्याला धोका काही पाहुण्यांचाच नाही. चिऱ्याच्या खाणी आहेत, रस्ते आहेत. बारसूला रिफायनरीसाठी २०२३ साली माती तपासायला माणसं आली, तेव्हा विरोध करणाऱ्या बायका रस्त्यावर झोपल्या. शिवाय बऱ्याच जागा खाजगी मालकीच्या आहेत. ज्याच्या सातबाऱ्यावर हत्ती आहे त्याला त्यातून काय, हा प्रश्न परिषदेच्या कागदावर कुठेच नव्हता. आता तो शेवटून दुसऱ्या क्रमांकावर लिहिलाय. वर सरकवायचा आमचा प्रयत्न चालू आहे.

जेवणाचं सांगायचं राहिलंच. कंत्राट पुण्याहून न्यायचं चाललं होतं. आम्ही म्हटलं, तिथल्या बचत गटाला द्या. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी. निम्मे पैसे आधी, तेही गटाच्या खात्यात. आणि बायका पाहुण्या म्हणून येणार असतील तर सड्याजवळ आडोसा आणि पाणी कुठे आहे ते आधी कोणीतरी जाऊन बघून या. ही जबाबदारी अर्थात आमच्याच गळ्यात पडली, पुढच्या महिन्यात आम्ही चौघी जाणार आहोत.

तारीख अजून पक्की नाही. डिसेंबर म्हणतायत. मार्गशीर्षातला गुरुवार मात्र नको, एवढं आम्ही त्यांच्या वहीत लिहून घ्यायला लावलंय.