स्वमग्न, की आपल्याच नादात?

‘स्वमग्न’ हा शब्द कानाला गोड लागतो. त्यातला ‘मग्न’ संस्कृत ‘मज्ज्’ म्हणजे बुडणे या धातूचा. मज्जन, निमज्जन हे त्याचेच भाईबंद. मराठीत मग्न असणे हा सहसा दोष नसतो. माणूस कार्यमग्न असतो, ध्यानमग्न असतो. आमच्या बीडमध्ये, बंकटस्वामींच्या नेकनूरला तर भजनात मग्न होणे ही कौतुकाचीच गोष्ट. म्हणून डॉक्टरांनी लेकरू ‘स्वमग्न’ आहे असे सांगितले, की घरच्यांना वाटते, रमलंय स्वतःत, मोठं झालं की येईल बाहेर. आणि मोलाची वर्षे निघून जातात.

गैरसमज मूळ ‘ऑटिझम’ या शब्दापासूनचाच आहे. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. त्यावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास ‘ऑटिझम’ हा शब्द रूढ केला, तो मुलांसाठी नव्हेच. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे जगापासून तुटणे त्यांना सांगायचे होते. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना तोच शब्द उचलला. तिथून तो मराठीत आला, ‘स्व’सकट.

पण स्वमग्न म्हटलेल्या कितीतरी मुलांना जग कमी नव्हे, फार जास्त जाणवते. आठवडी बाजारातला भोंगा सुरू झाला की असे लेकरू कान दाबून धरते, किंचाळते. लोक म्हणतात, हट्टी आहे. ते जवळ येत नाही असेही नाही. फक्त त्याची वाट वेगळी असते. आई विचारते, “पाणी पितोस?” तेही म्हणते, “पाणी पितोस?” ही नुसती नक्कल नव्हे, मागणी आहे. पाणी मिळण्याआधी जे शब्द कानावर पडतात तेच त्याने जसेच्या तसे उचललेले असतात. मराठीत ‘तू’ क्रियापदाच्या शेपटातच दडलेला असतो, त्यामुळे ही उलटापालट ऐकणाऱ्याच्या पटकन ध्यानातही येत नाही. सर्वनामांची हीच अदलाबदल कॅनर यांनीही नोंदवली होती.

आमच्याकडे बायाबापड्या म्हणतात, “लेकरू आपल्याच नादात असतंय.” मला हा शब्द जास्त खरा वाटतो. नाद म्हणजे छंद, आणि नाद म्हणजे आवाजही. चाक फिरवत बसण्याचा नाद आणि सोसवत नाही तो नाद, दोन्ही त्यात आले.

प्रकारांचे म्हणाल, तर एक मूल आठव्या वर्षीही बोलत नाही. दुसरे एसटीचे वेळापत्रक घडाघडा म्हणते, पण डबा खायला कुणाशेजारी बसावे हे त्याला उमगत नाही. पूर्वी अशा मुलांना वेगवेगळी नावे होती, ‘आस्परगर’ त्यातलेच एक. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती एका नावाखाली आणली आणि आधाराची गरज किती, यावर तीन पातळ्या ठरवल्या. तरीही ‘थोडा आहे की जास्त’ या प्रश्नाला सरळ उत्तर नसते. बोलण्यात पुढे असलेले मूल गोंगाटात पार कोलमडू शकते.

कागदावर मात्र ‘स्वमग्नता’ हवीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे आणि प्रमाणपत्र त्याच नावाने मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यांच्या तपासणीच्या यादीतही ऑटिझम आहे. पण बीडमधली किती कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात! दीड-दोन वर्षांचे लेकरू, लक्षणे दिसू लागण्याच्या ऐन वयात, अंगणवाडीत नव्हे तर फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत असते. तिथे कुणीतरी जाऊन त्याच्या आईला ‘स्वमग्न आहे का’ असे नव्हे, तर एवढेच विचारायला हवे: हाक मारली की वळून बघतंय का? हवं ते बोटानं दाखवतंय का? कावळा दिसला तर तुम्हालाही दाखवतंय का?