'गुलाबाचा कलह' : कुत्सितता, शिष्टाचार आणि सद्भाव

स्त्रीपुरुषसंबंधांविषयी कुत्सितपणे बोलावे की सद्भावाने, हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा मानला जातो. परंतु तो तितकाच भाषेचाही प्रश्न आहे. इ. स. १४०१–१४०२ मध्ये पॅरिस येथे झालेल्या एका लिखित वादावरून हे स्पष्ट दिसते. फ्रेंच वाङ्मयेतिहासात हा वाद 'गुलाबाचा कलह' या नावाने प्रसिद्ध आहे.

वादाचा विषय होता 'गुलाबाचे काव्य'. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात गियोम द लोरिस याने सुमारे ४,००० ओळींचे हे रूपकात्मक प्रेमकाव्य रचले व ते अपुरे राहिले. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात झाँ द मूँ याने त्यास १७,००० हून अधिक ओळींची जोड देऊन ते पूर्ण केले. पूर्वार्धात प्रियकराचा विनय आहे. उत्तरार्धाचा सूर निराळाच आहे. त्यातील मत्सरी पती समस्त स्त्रीजातीस चारित्र्यहीन ठरवितो, मित्र प्रियकरास फसवणुकीचे मार्ग सांगतो, आणि वृद्धा पुरुषांना लुबाडण्याची विद्या शिकविते. येथे कुत्सितता एकाच बाजूची नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रेम म्हणजे परस्परांस ठकविण्याचा व्यवहार, हे तिचे मूलसूत्र होय.

१४०१ मध्ये राजाचा चिटणीस झाँ द माँत्रय याने या काव्याची स्तुती करणारा निबंध लिहिला. त्यास उत्तर दिले ते क्रिस्तीन द पिझाँ हिने. व्हेनिस येथे १३६४ च्या सुमारास जन्मलेली ही विदुषी राजज्योतिष्याची कन्या होती. पंचविशीतच वैधव्य आल्यावर ती लेखणीवर कुटुंबाचा चरितार्थ चालवीत होती. माँत्रयच्या बाजूने गाँतिए कोल व त्याचा भाऊ पिएर कोल हे उभे राहिले. क्रिस्तीनच्या बाजूस पॅरिस विद्यापीठाचा कुलपती झाँ झेर्साँ आला. त्याने मे १४०२ मध्ये या काव्याविरुद्ध स्वतंत्र प्रबंध लिहिला. तत्पूर्वी फेब्रुवारी १४०२ मध्ये क्रिस्तीनने वादातील पत्रे राणी इझाबो हिच्याकडे पाठविली होती. विद्वानांचा खाजगी पत्रव्यवहार त्यामुळे सार्वजनिक झाला.

वादातील एक मुद्दा शब्दार्थसंबंधाचा होता. काव्यातील 'विवेक' ही स्त्रीपात्र असलेली व्यक्तिरेखा पुरुषाच्या जननेंद्रियांचा उघड शब्दांत उल्लेख करते आणि त्याचे समर्थनही करते : नावे संकेताने ठरतात, पूज्य अवशेषांस हे नाव व इंद्रियांस ते नाव दिले असते, तर लोकांनी याच शब्दास पवित्र मानले असते. नैयायिकांचा संकेतवाद परिचित असलेल्या वाचकास हा युक्तिवाद नवा वाटणार नाही. क्रिस्तीनचे उत्तर मार्मिक आहे. नावामुळे वस्तू अशिष्ट होत नाही, हे ती मान्य करते. व्याधीसारख्या प्रसंगी असे शब्द वापरण्यासही तिची हरकत नाही. पण शब्दाच्या ठिकाणी साचलेला अर्थ आणि वक्त्याचा हेतू यांपासून शब्द वेगळा काढता येत नाही, असे तिचे म्हणणे आहे. संकेत हा समाजाचा असतो. एकट्या कवीस तो मोडता येत नाही.

दुसरा मुद्दा वक्त्याच्या जबाबदारीचा. पिएर कोल म्हणतो की मत्सरी पती मत्सरी माणसासारखाच बोलणार. त्याचे बोलणे कवीच्या माथी मारणे योग्य नव्हे. समीक्षेच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे व आजही तो आपण मानतो. क्रिस्तीनने त्यास केवळ तत्त्वाने उत्तर दिले नाही. ऑक्टोबर १४०२ च्या पत्रात तिने एका विवाहित पुरुषाची हकीकत सांगितली आहे. त्यास हे काव्य वेदवाक्यासारखे प्रमाण होते. संशयाने पेटला की तो ग्रंथ काढून वाची, कवीला सारे ठाऊक होते असे म्हणे, आणि पत्नीला मारी. वचन पात्राचे की कवीचे, हा भेद त्या घरात कोणी केला नव्हता.

तिसरा मुद्दा 'सर्व' या शब्दाचा. दुष्ट स्त्रिया असतात हे क्रिस्तीन नाकारीत नाही. त्यांच्या दोषावरून साऱ्या जातीस दोष देण्याचा अधिकार ती नाकारते. १३९९ च्या एका काव्यात तिने विचारले होते की, स्त्रिया जर इतक्या चंचल, तर त्यांना जिंकण्यासाठी पुरुषांना एवढ्या युक्त्या का लागाव्यात? दुर्बळ किल्ल्यास मोठा वेढा कशाला?

मग सद्भाव कोठे होता? त्याच सुमारास फ्रेंच दरबारात स्त्रियांच्या सन्मानार्थ 'प्रेमसभा' स्थापन झाली होती. तिच्या सभासदांच्या यादीत कोल बंधूंची नावे आढळतात. यात वरवर दिसणारा विरोध खरा नाही. दरबारी स्तुती व विद्वानांची निंदा या दोन्ही स्त्रीला व्यक्ती न मानता जात मानतात. एकीत 'सर्व' पूज्य, दुसरीत 'सर्व' कपटी. क्रिस्तीनने पुढे दरबारी प्रेमाच्या शिष्टाचारापासूनही स्त्रियांना सावध केले, ते याच कारणास्तव. तिचा सद्भाव म्हणजे गोडवा नव्हे, तर सामान्य विधान करण्यापूर्वी समोरचे माणूस पाहण्याची शिस्त होय.

वादाचा निकाल लागला नाही. काव्याची लोकप्रियताही ओसरली नाही. परंतु १४०५ मध्ये पूर्ण झालेल्या 'स्त्रियांची नगरी' या ग्रंथाच्या आरंभी क्रिस्तीनने जे चित्र रेखाटले आहे, ते या वादावरचे सर्वांत उत्तम भाष्य मानावे लागेल. मातेओल्युसचा स्त्रीनिंदापर ग्रंथ चाळून ती खिन्न होते. एवढे थोर विद्वान एकमुखाने सांगतात, त्यापुढे आपला स्वतःचा व परिचित स्त्रियांचा अनुभव तिला खोटा वाटू लागतो. कुत्सित वचनाचे खरे सामर्थ्य येथे आहे : त्यावर बोलणाऱ्याचा विश्वास असो वा नसो, ऐकणारीचा बसतो. तो अनुभव पुन्हा खरा ठरविण्यासाठीच क्रिस्तीनने त्या नगरीची उभारणी केली.