मूठभर धान्याची शाळा

मुलगा हायस्कुलात गेला की घरच्यांना वाटते, आता तो जाणे आणि त्याचे मास्तर जाणोत. मास्तर म्हणतात, घरी अभ्यासच होत नाही, त्याला मी काय करू? या दोहोंच्या मधल्या फटीत पुष्कळ हुशार पोरे हरवली. ही फट बुजवण्याचे प्रयत्न आपल्याकडे कसे झाले, ते पाहू.

पहिला प्रयत्न कायद्याचा. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. दंडाच्या धाकाने पोर शाळेच्या दारापर्यंत येते. हे काम थोडे नव्हे. पण माध्यमिक शाळेचे गणित निराळे. चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा पुरा गडी. तो पाणी धरतो, सुगीला हाताशी येतो. त्यातून हायस्कूल परगावी. असा मुलगा शिकायचा तर आधी आईबापांचे मन वळले पाहिजे.

इथे कर्मवीर भाऊराव पाटलांची रीत कामी आली. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. १९४० साली तिथेच महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. मुले वसतिगृहात राहून कष्ट करीत आणि शिकत. पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. आणि गावोगावच्या आयाबाया रोजच्या धान्यातून एक मूठ शाळेसाठी बाजूला टाकीत. हाच तो मुष्टिफंड.

आपण म्हणाल, मूठभर धान्याने मुलाचे गुण कसे वाढतील? धान्याने नव्हेत, पण ज्या घरातून मूठ गेली, त्या घराला शाळा आपली वाटू लागते. मग बाप विचारतो, ‘गुरुजी, पोरगं कुठं अडतंय?’ गुरुजींनाही कळते की वर्गात पेंगणारा मुलगा आळशी नाही, तो रात्री मोटेवर होता. कारण कळले की उपाय सापडतो. हजेरी वाढते, अडलेले गणित सुटते, मुलाला हुरूप येतो. गुण येतात ते या वाटेने.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. पण तो हक्क आठवीपर्यंतचा. नववी-दहावीत, जिथे मुले खरोखर गळतात, तिथे भिस्त आपल्यावरच. गुरुजींनी पहिल्या चाचणीआधी एकदा मुलाच्या उंबऱ्याशी जावे. पालकांनी सुगीत मूल घरी ठेवण्याआधी शाळेत विचारावे, आणि बुडालेला धडा कधी भरून निघेल, ते तिथेच ठरवावे. एवढ्याला पैसा लागत नाही.