नळाचा पाइप, मोरीचा पाइप

मुंबईच्या पाण्याचा इतिहास लिहिणारे विहार तलावापासून सुरुवात करतात. १८६० साली विहारचे पाणी आले, १८७९ ला तुळशीचे, १८९२ ला तानसाचे. हे सगळे नोंदलेले आहे. आलेले पाणी वापरून झाल्यावर कुठे गेले आणि ते कोणाच्या हातांनी वाहते राहिले, याची नोंद करावी असे या मंडळींना फारसे वाटलेले दिसत नाही. माझे वडील म्युनिसिपालटीच्या मलनिःसारण खात्यात मजूर होते आणि थोरले बंधू लालबाग-परळ भागात जन्मभर प्लंबर. त्यामुळे हा इतिहास मला घरातच दोन्ही टोकांनी भेटला. प्लंबिंगच्या धंद्यात आज तेजी आहे की मंदी, असे कोणी विचारले तर मी उलट विचारतो : कुठल्या पाइपच्या धंद्यात? कारण इमारतीला पाइप दोन असतात. एक नळाचा, एक मोरी-संडासाचा. आणि या देशात त्या दोन पाइपांना दोन जाती आहेत.

नळ येण्यापूर्वी गिरगाव-भुलेश्वरच्या वस्तीला विहिरी आणि तलाव होते. धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे तेवढी उरली, पाणी बुजले. विहिरीत पोहरा कोणी टाकायचा आणि कोणी टाकायचा नाही हे ठरलेले असे. नळाच्या पाण्याने हा हिशेब बिघडवला. एकाच पाइपातून सगळ्या वस्त्यांना पाणी जाऊ लागले. पुढे १९११ च्या सुमारास हिवतापाच्या डासांमुळे विहिरी बुजवण्याची मोहीम निघाली, तेव्हा धर्मकार्याला विहिरीचेच पाणी लागते म्हणून ओरड झाली. डासापेक्षा नळाची भीती मोठी होती! महाडला २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेव्हा मुंबईत नळ येऊन ६७ वर्षे झाली होती.

पण पाण्याने जी शिवाशिव काही अंशी मोडली ती कामाने टिकवली. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याच्या काळात मुंबईत हलालखोर कर होता. घरमालकाने कर भरायचा आणि म्युनिसिपालटीने मैला उचलण्यासाठी माणसे पुरवायची. ही माणसे बहुतांशी गुजरात-काठेवाडातून आलेल्या भंगी समाजाची होती. झाडू आणि कचरागाडीवर आमचे महार. म्हणजे घाणीतसुद्धा प्रतवारी होती. जमिनीखाली गटारे झाली, टोपल्या हळूहळू गेल्या; पण गटार तुंबले की आत उतरायला माणूस लागे, आणि तो कोणत्या आळीतून आणायचा हे नव्याने ठरवावे लागले नाही.

गिरणीतही हेच. कापडखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि आमच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. जिथे तोंडाचा संबंध तिथे मिळकत बरी आणि दार बंद, हा नियम मला पुढे प्लंबिंगमध्येही दिसला.

आता धंद्याकडे येतो. गिरगाव ते परळ या पट्ट्यात प्लंबरला पोटभर काम दिले ते भाडेनियंत्रणाच्या कायद्याने. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. संडासाची गळती मजल्यामजल्यातून झिरपून सागवानी तुळया कुजू लागल्या. १९६९ साली सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढले, पण मंडळाचा माणूस येईपर्यंत भाडेकरूंनी वर्गणी काढून नळवाला बोलावलेला असे. ही ठिगळांची अर्थव्यवस्था होती. सबंध लाइन कोणीच बदलत नसे. सडलेल्या जी. आय. पाइपचा दोन हात तुकडा कापायचा, डाय फिरवून आटे पाडायचे, सूत-सफेदा लावून सॉकेट आवळायचे. काम लहान, पण रोजचे. खरा नफा मजुरीत नव्हता, मालात होता. हार्डवेअरचा दुकानदार प्लंबरला कमिशन देई आणि उधारीवर बांधूनही ठेवी. शिवाय नवीन जोडणीच्या अर्जावर लायसन्सवाल्या प्लंबरची सही लागे. सही एकाची, घाम दुसऱ्याचा. माझे बंधू अनेक वर्षे दुसऱ्याच्या सहीखाली राबले.

ते मुळात गिरणीच्या मेकॅनिक खात्यात पाइपफिटरचे मदतनीस होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. संप अधिकृतपणे संपलाच नाही, गिरण्या मात्र संपत गेल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. ज्याच्या हातात हत्यार धरण्याची सवय होती तो जगला. बंधूंनी पाइपपाना विकत घेतला आणि गिरगावातल्या चाळींतून फिरू लागले. एकाएकी कारागीर वाढले, दर पडले.

पडलेल्या दरात चोकअपचे काम मात्र हमखास मिळे. दोन चाळींच्या मधल्या घरगल्लीत उतरायचे, वरून मोऱ्यांचे पाणी अंगावर पडत असताना बांबूच्या कामट्या पाइपात सारायच्या. पैसे तिथल्या तिथे हातावर. बंधूंनी सुरुवातीला ते केले. एके दिवशी गिरगावातल्या एका घरी नळ बदलून बाहेर पडताना त्यांनी मागे पाहिले, तर घरची बाई नवा नळ राखेने घासत होती. सकाळी तिने त्यांना घरगल्लीत पाहिले होते. दुसऱ्या वेळी तिने दुसरा माणूस बोलावला. बंधू त्या रात्री वडिलांना म्हणाले, "आबा, मोरीत हात घातला की नळ सुटतो." वडील काही बोलले नाहीत. त्यांचा उभा जन्म मोरीत गेला होता.

त्यानंतर बंधूंनी चोकअपसाठी वेगळा माणूस ठेवला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्या चळवळीत वरच्यांनी आपल्याशी काय केले याचा हिशेब चोख असतो. खालच्याशी आपण काय केले त्याची पाने कोरी असतात. हा माणूस आमच्या दाराबाहेरच चहा प्यायचा. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती मी पुस्तकात नंतर वाचली, आधी आमच्या ओट्यावर पाहिली.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १९९१ च्या विकास नियमावलीतला ५८ वा नियम, २००१ साली त्यात केलेला बदल, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर केलेले शिक्कामोर्तब, आणि गिरण्यांच्या जागी मनोरे. चाळीत मजल्याला सामाईक नळ आणि संडास होते. मनोऱ्यात एकेका घरात दोन-तीन न्हाणीघरे. नळांची संख्या कितीतरी पटीने वाढली. लालबागच्या प्लंबरला त्यातले काय मिळाले? मनोऱ्याचे काम एका कंत्राटात जाते, त्याखाली उपकंत्राटे, आणि तळाला ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातून आलेली मुले. त्या जिल्ह्याने देशभर प्लंबर पुरवले. पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. ती मुले आमची शत्रू नव्हेत, तीही पोटासाठीच आली. सीपीव्हीसीचा पाइप आल्यावर आटे पाडायची कला गेली. कापा, सोल्युशन लावा, चिकटवा. ज्या कसबाच्या जोरावर बंधू दर मागत ते कसब बाजारातून उठले. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळीच्या बीडीडी चाळी आता पाडून बांधल्या जात आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. तिथे दुरुस्ती निघाली की सोसायटी एजन्सी नेमणार.

मोरीचा पाइप मात्र जिथल्या तिथे आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाईची नोकरी वारसाने मिळू लागली. कायमचा पगार, म्हणून आमच्या लोकांनी ती धरून ठेवली, आणि झाडू बापाकडून मुलाकडे गेला. मग कायम जागा आटल्या आणि कंत्राट आले. २०१३ च्या कायद्याने माणसाला धोकादायक रीतीने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले, २०२३ साली ती रक्कम ३० लाख झाली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे अजून उतरवली जात आहेत.

हा लेख लिहिण्यासाठी बंधूंची जुनी हिशेबाची वही मागून घेतली. त्यात हार्डवेअरवाल्याची उधारी आहे, फिटरांची, मदतनिसांची नावे आहेत, कोणाला किती उचल दिली ते आहे. चोकअपच्या माणसाला दिलेले पैसेही दर आठवड्याला लिहिलेले आहेत, पण नावाच्या जागी प्रत्येक वेळी फक्त "चोकअप". मी बंधूंना त्याचे नाव विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले.

"नाव लक्षात नाही," ते म्हणाले. "आपल्यातला नव्हता तो."