बोरीच्या काठची मुरमाची वाट

नळदुर्गच्या किल्ल्यापाशी बोरी नदीला अडवून, वळवून, जणू किल्ल्याच्या चाकरीला लावले आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ मध्ये इथे दगडी बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल काढला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी दोन धारांनी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेणारा, 'किताबे नौरस' लिहिणारा हा बादशहा संगीताचा वेडा होता. पाण्याच्या आवाजात बसायला त्याने खोली बांधावी, यात नवल नाही.

नळदुर्गला येणारा पर्यटक हे बघून परत फिरतो. पण याच बोरीच्या पुलावर १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे आपल्या मराठवाड्याचे नशीब फिरले. तो इतिहास पाहायला तिकीट लागत नाही. त्याला लागते सायकल, थोडा वेळ आणि थोडे धैर्य.

सायकल का, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही काही शिक्षक सुटीच्या दिवशी या भागात सायकलवर फिरतो. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरून मोटारीने गेले तर नळदुर्ग, जळकोट, उमरगा ही नुसती पाट्यांवरची नावे होतात. बोरीच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांना जोडणारी मुरमाची वाट धरली की तीच नावे गावे होतात. मुरमावर चाक हळू चालते. पाऊस पडून गेला असेल तर काळी माती मडगार्डमध्ये भरते, आणि काडीने ती काढताना थांबावेच लागते. थांबले की कोणीतरी विचारते, कुठले? मग बोलणे निघते. पडकी मशीद, ओसाड कबरस्तान, बुजवलेली विहीर, गावात एकही मुसलमान घर नसताना शिल्लक राहिलेला 'मोमीनपुरा' हा शब्द, या गोष्टी अशाच वाटेवर भेटतात.

आता त्या पहाटेकडे येऊ. भारत सरकारच्या फौजा मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरल्या. नळदुर्गला पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीचे सैनिक होते. भारताच्या सातव्या ब्रिगेडने इतक्या वेगाने चाल केली की बोरीवरचा पूल उडवायला निजामाच्या सैन्याला सवडच मिळाली नाही. पूल शाबूत हाती लागला. त्यानंतर दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला चढवला. याच लढाईत हवालदार बचित्तर सिंग यांनी मांडीत गोळी लागलेली असताना सरपटत पुढे जाऊन शत्रूच्या मशीनगनवर हातबाँब फेकले आणि तिथेच प्राण सोडला. १९५२ मध्ये अशोक चक्र हा सन्मान सुरू झाला, तेव्हा तो मिळवणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव त्यांचे होते. पंजाबातल्या एका खेड्यातला माणूस आपल्या बोरीच्या काठी कामी आला. त्याचे नाव आमच्या शाळांतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे.

सकाळी नऊ वाजता रणगाडे ८ किलोमीटरवरच्या जळकोटला पोहोचले. दुपारी सव्वातीनला ते सरहद्दीपासून ६१ किलोमीटर आत, उमरग्यात होते. दुसरी तुकडी पहाटेच तुळजापूरला भिडली. तिथे सैनिक आणि सुमारे २०० रझाकार यांनी दोन तास झुंज दिली आणि मग शस्त्रे खाली ठेवली. लोहाऱ्याकडे जाणारी फौज मात्र नदीला पूर आल्याने अडली. आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या या पट्ट्यातली लढाई जवळजवळ एका दिवसात आटोपली. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ ला जनरल अल इद्रूस यांनी रीतसर शरणागती दिली.

या एका घटनेला आपल्याकडे तीन नावे आहेत. मराठीत ती 'मराठवाडा मुक्ती'. सरकारी कागदात आणि आपल्या घराघरांत ती 'पोलीस ॲक्शन'. उर्दूच्या पुस्तकांत ती 'सुकूते हैदराबाद', म्हणजे हैदराबादचे पतन. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हाला ही तिन्ही नावे एकाच वर्गात सांभाळावी लागतात. १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो, मुले गाणी म्हणतात, भाषणे होतात. आणि मग एखादा सातवीतला मुलगा विचारतो, "सर, उस वक्त हम लोग किस तरफ थे?"

या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे तर सगळेच सांगावे लागते.

रझाकारांचा जुलूम खरा होता. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. सरहद्दीजवळची हिंदू कुटुंबे जीव मुठीत धरून सोलापूर-बार्शीकडे पळाली. त्या कुटुंबांच्या आठवणी खोट्या नाहीत आणि त्या पुसून आपला इतिहास उजळणार नाही. याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत पुढे स्टेट काँग्रेसचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. निजामाच्या राज्यात एक शाळा काय पेरू शकते, याचा तो धडा शिक्षक म्हणून आम्हाला महत्त्वाचा वाटतो. रझाकारांविरुद्ध लिहिणारा 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्लाह खान यालाही रझाकारांनीच ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर ठार केले. तेव्हा 'आपण कुठल्या बाजूला होतो' याचे उत्तर एक नाही. रझवी होता तसा शोएबुल्लाहही होता. आणि या दोघांच्या मधे अफाट संख्येने होते विणकर, पिंजारी, बागवान, तांबोळी, मण्यार. त्यांना दारुस्सलामची भाषणे कधी ऐकू आली नव्हती आणि दिल्लीचे खलितेही कळत नव्हते.

किंमत चुकवली ती या मधल्या लोकांनी.

फौज हमरस्त्याने पुढे गेली. तिच्यामागे मुरमाच्या वाटांवरच्या गावांत जे घडले ते पाच दिवसांत संपले नाही, ते कित्येक आठवडे चालले. त्याच्या बातम्या दिल्लीला पोहोचल्यावर नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सद्भावना मंडळ पाठवले. मंडळात काझी अब्दुल गफ्फार होते. उर्दूचे विद्यार्थी त्यांना 'लैला के खुतूत'चे लेखक म्हणून ओळखतात. हैदराबादेतून 'पयाम' दैनिक चालवलेला हा माणूस निजामी राजवटीचा खुशमस्कऱ्या नव्हता. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात मंडळाने राज्याच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत दौरा केला आणि पाचशेच्या वर लोकांच्या जबान्या ऐकल्या.

मंडळाचा अंदाज असा होता की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर सगळ्या राज्यात किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत वाईट अवस्था चार जिल्ह्यांची होती: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच मृतांचा आकडा १८ हजारांहून कमी नसावा, असे मंडळाने लिहिले. लातूर शहरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे परागंदा झाले होते. हल्लेखोरांत बाहेरून आलेल्या टोळ्या होत्या आणि गावातलेही होते. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांचाही हात असल्याचे मंडळाने नोंदवले. प्रेतांनी भरलेल्या विहिरी मंडळाच्या सदस्यांनी डोळ्यांनी पाहिल्या.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि ती आमच्या मते वर्गात मोठ्याने वाचावी अशी आहे. अनेक हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवले. विशेषतः एकाच धंद्यातल्या माणसांत हा जिव्हाळा दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांच्यातल्या काहींनी त्यासाठी प्राण गमावले. मागाच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांना एकमेकांचा धर्म कळण्याआधी एकमेकांचा हात कळला होता. या विणकरांची नावे कुठल्या पाटीवर आहेत?

हा अहवाल छापलाच गेला नाही. कित्येक दशके तो सामान्य वाचकाला पाहायलाही मिळत नव्हता. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकासोबत तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला, तेव्हा ज्यांच्या साक्षी त्यात होत्या त्यातले बहुतेक अल्लाला प्यारे झाले होते. कासीम रझवी मात्र शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. ज्याने आग लावली त्याला जायला देश होता. ज्यांची घरे जळली ते इथेच राहिले, इथलीच माती खांद्यावर घेऊन, इथल्याच बोलीत रडत.

बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर गावोगावी हुतात्मा स्मारके बांधायचे ठरले. स्वातंत्र्यासाठी मेलेल्या खेड्यातल्या माणसाचे नाव त्याच्याच गावात कोरले जावे, ही कल्पना मोठी होती, आणि ती एका कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याच्या काळात अंमलात आली हे आपल्या मुलांना सांगायला हवे. सायकलवर जाताना अशी स्मारके लागतात. काहींच्या आवारात गवत माजलेले असते, कुठे कुलूप गंजलेले असते. आम्ही थांबतो, नावे वाचतो, फातिहा पढतो. रझाकारांच्या गोळीने पडलेला माणूस आमचाही आहे.

पण स्मारक ओलांडून दोन फर्लांगावर एखादी बुजवलेली विहीर असते. तिथे नाव नाही. तिथे आमची मागणी मोठी नाही. कोणाचे नाव पुसावे असे आम्ही म्हणत नाही, १७ सप्टेंबरचा झेंडा उतरवा असेही नाही. जुलमी राजवट गेली, हे चांगलेच झाले. त्या राजवटीचे देणे मात्र निरपराध गरिबांकडून वसूल केले गेले, ही गोष्ट त्याच इतिहासाचे पुढचे पान आहे. ते पान फाडले तर उरलेले पुस्तकही सैल होते. जो मुलगा वर्गात अर्धा इतिहास ऐकतो आणि उरलेला अर्धा घरात दादीच्या कुजबुजीतून ऐकतो, त्याला दोन्हींवर विश्वास ठेवता येत नाही. असा मुलगा पुढे कोणाच्याही भडक भाषणाला बळी पडतो. रझवीला श्रोते मिळाले ते असेच.

२०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव सरकारदरबारी धाराशिव झाले. नावे बदलतात, सत्ता बदलतात, बोरी मात्र पूर्वीसारखीच अक्कलकोटकडे आणि पुढे भीमेकडे वाहते. ज्याने १९४८ मध्ये दहाव्या वर्षी हे सारे पाहिले तो आज नव्वदीला टेकला आहे. आणखी थोड्या वर्षांनी विचारायलाही कोणी उरणार नाही.

म्हणून उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. आपापल्या गावातल्या बुजुर्गांकडे, हिंदू असोत की मुसलमान, एक वही घेऊन जा. कोण मारले गेले, कोणी मारले यापेक्षा आधी कोणी वाचवले हे विचारा, मग बाकीचे आपोआप निघेल. गावाचे नाव, माणसाचे नाव, त्याचा धंदा, त्याचे वय लिहून घ्या. रझाकारांनी मारलेल्यांची नावे आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांची नावे एकाच वहीत, एकाखाली एक लिहा. दगडाचे स्मारक सरकार बांधील तेव्हा बांधील. वही दहा रुपयांत मिळते, आणि मुरमाच्या वाटेने सायकल कुठल्याही गावापर्यंत जाते.