करडे, सुपे, धामारी

या तिन्ही गावांतल्या घटना दहशतवाद म्हणून एकाच तराजूत तोलणे पटत नाही. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात (आजचे दौंड-बारामती) सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. जमावाचा डोळा कर्जखतांवर होता : ती मुकाट्याने दिली तर सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावत नसे, कागदांची मात्र चव्हाट्यावर होळी. फेब्रुवारी 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी धामारीवर (पुन्हा शिरूरच!) दरोडा घातला तो इंग्रजांविरुद्धच्या बंडाच्या खर्चासाठी. दहशतवादाशी खरे नाते फडक्यांनी नंतर काढलेल्या जाहीरनाम्याचे. त्यात मुंबईच्या गव्हर्नरच्या शिरावर इनाम होते. धमकी एकाला, धडकी साऱ्या गोऱ्या अंमलदारांना.